जखम पाहायला आलेली माणसं

आबांच्या त्या पत्राला नानांनी उत्तर दिलंच नव्हतं.

पत्र म्हणजे साधं पोस्टकार्ड. आबांकडे मोबाइल होता, पण भांडणासाठी ते कार्डच वापरत. फोनवरचं भांडण हवेत जातं, कार्डावरचं पोस्टमनसुद्धा वाचतो, असं त्यांचं म्हणणं. मजकूर असा होता :

"चि. छगनास आशीर्वाद. माझं पोट फाडून हर्नियाचं ऑपरेशन झालं. साक्रीपासून दोंडाईच्यापर्यंत सगळे पाहून गेले. बांधाच्या केसमधला माझा विरोधी पक्षकार केळी घेऊन आला. तू धुळ्यातच राहून आला नाहीस. का आला नाहीस ते लेखी कळव. भाईदास."

नानांनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. पहिल्या मसुद्यात माफीच इतकी झाली की कारणाला जागा उरली नाही. दुसऱ्यात कारण आलं, पण वाचल्यावर ते दुसऱ्याच कोणाचं तरी वाटलं. तिसऱ्यात एक सुंदर अवतरण होतं. ते कुठल्या पुस्तकातलं हे आठवेना, म्हणून तोही फाडला. सारा जन्म धुळ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून काढलेला माणूस, संदर्भ नसलेलं अवतरण सख्ख्या भावालासुद्धा पाठवू शकत नव्हता.

खरं कारण त्यांच्या सदऱ्याखाली होतं. बेंबीच्या वर लिंबाएवढा फुगवटा. नाना मनात त्याला 'पुरवणी' म्हणत. खोकला आला की पुरवणी बाहेर यायची, आडवं झालं की आत जायची. वाचताना ते पोटावर शब्दकोशाचा एक खंड ठेवत. मोठ्यानं हसणं त्यांनी कधीच सोडलं होतं, आणि एकट्या माणसाला ते फारसं जड गेलं नव्हतं. आबांच्या त्या ऑपरेशनच्या वेळी ते दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेले होते. वरून चुलतभाऊ मगन उतरत होता. त्यानं जखम किती खोल आहे ते बोटांनी दाखवलं, मग बोटं कमी पडली म्हणून हातानं दाखवलं. नाना तिथूनच वळले.

पुढचं सगळ्या घराण्याला माहीत होतं. आबांनी ऑपरेशनच्या सकाळपर्यंत तंबाखू मळली होती आणि डॉक्टरांपासून साखर लपवली होती. नंतर जो भेटायला येई त्याला ते पट्टी उचलून जखम दाखवत. जो पाही तो बोट लावून पाही. जखम चिघळली, पोटात बसवलेली जाळी काढून टाकावी लागली, आणि हर्निया पहिल्यापेक्षा ऐसपैस होऊन परत आला.

आता दुसरं ऑपरेशन जळगावात झालं होतं. आबा साक्रीहून येऊन मुलाच्या, योगेंद्रच्या घरी राहिले होते आणि सून कामिनीचा नानांना फोन आला.

"नाना, तुम्ही इकडे या. दारावर बसायला माणूस हवाय."

"मी? अगं, मला कोणाला नाही म्हणता येत नाही."

"मागच्या वेळी आबांच्या जखमेला ज्याचा हात लागला नाही, असे आख्ख्या घराण्यात तुम्ही एकटे आहात."

आपली अशी स्तुती याआधी कोणी केल्याचं नानांना आठवेना. त्यांनी पिशवीत दोन पुस्तकं टाकली आणि जळगावची एस.टी. धरली.

*

कामिनी दीपनगरच्या वसाहतीत वाढलेली. वडील पॉवर हाउसमध्ये ऑपरेटर होते. यंत्र दुरुस्तीला उघडलं की बटणाला पत्र्याची पाटी लटकवायची, आणि ज्यानं लटकवली त्यानंच काढायची, हा तिथला नियम. दुसऱ्या कोणी काढली तर आतला माणूस मरतो. वडील निवृत्त होताना तशी एक पाटी घरी घेऊन आले होते. कामिनीनं ती माहेराहून मागवून आबांच्या खोलीच्या दाराला टांगली : 'माणसे काम करीत आहेत. हात लावू नये.'

तिचा डॉक्टर रिद्धीवर विश्वास होता. रिद्धी म्हणजे त्यांच्याच गल्लीतल्या किराणा दुकानवाल्या निर्मलकुमारांची नात. दिसायला कॉलेजातली मुलगी, पण आबांना तिनं कितीदा तरी दारातून परत पाठवलं होतं. पहिल्यांदा म्हणाली, "तंबाखू सोडून या. तंबाखूनं जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही, मग ती भरणार कशी?" आबा "सोडली" म्हणून पुन्हा गेले, तेव्हा तिनं त्यांना फक्त 'आ' करायला सांगितलं आणि परत पाठवलं. मग साखर. मग वजन. आबा वैतागून म्हणाले होते, "बाई, तुला पोट शिवायचंय का मला शाळेत घालायचंय?"

"शिवणं माझ्या हातात आहे आबा," ती म्हणाली होती. "टिकवणं तुमच्या. टाके घालायला मला एक सकाळ लागते. ते उसवायला तुमच्या नातेवाइकांना तेवढीही लागत नाही."

आता आबा पलंगावर होते. पोटाला रुंद पट्टा, त्याखाली जखमेवर चिकटवलेली पारदर्शक पट्टी, आणि पट्टीतून निघालेली नळी उशाजवळच्या छोट्या मशीनला जोडलेली. मशीन पट्टीखालची हवा आणि पाणी ओढून घेत बारीक गुरगुरत असे.

"हे माझं मांजर," आबा म्हणत. "फक्त उंदीर मारत नाही."

नाना दाराशी खुर्ची टाकून बसले. आबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कामिनी, त्या पहारेकऱ्याला विचार, माझं कार्ड मिळालं होतं का."

"नाना, आबांचं कार्ड मिळालं होतं का?"

"मिळालं होतं."

"मिळालं होतं म्हणतात."

"मग उत्तर?"

"लिहितोय," नाना म्हणाले.

"लिहितायत म्हणे."

"त्याला सांग, एवढ्या वेळात आमच्या गावच्या धरणाचं काम झालं असतं. सरकारी असूनही."

कामिनी चहाचे कप उचलत म्हणाली, "हे पाहा, मला दोघांच्या मध्ये तार म्हणून वापरू नका. मी शॉक देते."

तेवढ्यात खाली जीपचा हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं तर दोंडाईच्याची भाड्याची जीप उभी, आणि तिच्यातून माणसं उतरतच होती. कामिनीनं नवऱ्याला हाक मारली.

"योगेंद्र! यांना कोणी कळवलं?"

योगेंद्र मोबाइल खिशात घालत होता. "मी फक्त ग्रुपवर टाकलं, आबांची तब्येत उत्तम आहे म्हणून."

"उत्तम! आपल्या घराण्यात 'उत्तम' लिहिलं की लोक लाकडं किती लागतील ते विचारतात. आणि घराचा नकाशा कोणी टाकला?"

"तो चुकून गेला," योगेंद्र म्हणाला.

*

जीपमधून सगळ्यांत शेवटी ताईबाई अक्का उतरल्या. दोघा भावांची थोरली बहीण. काखेत डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि कनवटीला एक स्टीलची डबी. डबीत तूप-हळदीचा लेप.

अक्कांना वाटेत गाडी लागली होती, पण त्या बोलल्या नव्हत्या. मागच्या वेळी आबांची जखम चिघळली तेव्हा लोक काहीबाही म्हणाले. अक्कानं उघडलं, अक्कानं लेप लावला. तोंडावर कोणी बोललं नाही, पण दोंडाईच्यासारख्या गावात तोंडावर बोलायची गरज नसते. अक्कांनी आयुष्यभर घरातल्यांची गळवं, भाजलेली बोटं, बाळंतिणींची पोटं पाहिली होती. त्यांच्या नजरेनं कोणी मेलं नव्हतं. या वेळी त्यांना भावाची बरी होत चाललेली जखम स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. एकदा पाहिली की झालं. मग दोंडाईच्याला जाऊन त्या सांगणार होत्या, आणि कोणाकोणाला सांगायचं तेही ठरलेलं होतं.

दारात कामिनीनं साबणाची बाटली पुढे केली. "अक्का, चपला बाहेर, हात धुवा, आणि भेट बाहेरच्या खोलीत. आबा आतून बोलतील."

"आतून बोलतील? तो काय देव शे? गाभाऱ्यातून?"

मगननं आतल्या दारावरची पाटी मोठ्यानं वाचली. "माणसे काम करीत आहेत. कोठे काम करी ऱ्हायनात?"

"पोटात," कामिनी म्हणाली. "टाके धरतायत. म्हणूनच हात लावायचा नाही."

"बेटा," अक्का गोड आवाजात म्हणाल्या, "आम्ही बठ्ठा, अख्खी जीप, एवढ्या लांबून उनूत. तोंड तरी दखू दे."

"तोंड दिसेल अक्का. तोंडावर ऑपरेशन नाही झालेलं. मधल्या खिडकीतून पाहा."

जीपमधल्या बायकांमध्ये कुजबुज झाली. सून शिकलेली आहे म्हणून बोलते. नाही, माहेरची गर्मी आहे, वीजघरवाल्यांची. आतून आबांचा आवाज आला, "अक्का, लाडू आणलेस का?"

"आणलेत रे!"

"साखर आहे त्यांत," कामिनी म्हणाली.

"गूळ शे," अक्का म्हणाल्या, जणू गूळ म्हणजे औषधच.

योगेंद्र इतका वेळ बायकोच्या बाजूला उभा होता. आता तो अर्धं पाऊल अक्कांकडे सरकला. "कामिनी, एवढं कडक नको. अक्कांना एकटीला सोडू. बाकीचे बाहेर थांबतील."

"मागच्या वेळी एकेकटेच गेले होते सगळे. ओळीनं."

"मग मी काय सांगू त्यांना? माझी बायको सोडत नाही म्हणून?"

"हो. असंच सांग. खरं आहे."

योगेंद्रचा चेहरा पडला. त्यानं ते सांगितलं नाही. कामिनी डॉक्टरांना फोन लावायला गॅलरीत गेली, कारण आत माणसांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, आणि तेवढ्यात योगेंद्रनं अक्कांना डोळ्यानं खूण केली.

*

अक्का दाराशी आल्या. दारात नाना पुस्तक उघडून बसले होते.

"छगन, बाजूले व्हय."

नाना लहानपणापासून हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत बाजूला होत आले होते. आजही झाले. खुर्ची उचलून ते आतच सरकले आणि त्यांच्या मागून अक्का, मगन आणि जीपमधली बरीचशी माणसं खोलीत शिरली. पाटी दाराबरोबर भिंतीवर आपटून हलत राहिली. नानांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी पानात खूण घालायला बोट ठेवलं आणि पुस्तक मिटायचं विसरले.

आबा मात्र खुलले होते. बरेच दिवस त्यांना प्रेक्षक मिळाले नव्हते.

"कसा शेस रे?" अक्कांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"डॉक्टरबाई मोठी हुशार," आबा म्हणाले. "असं शिवलंय, जसं कोरं पोतं. दाखवू?"

"दखाड. मन्हा जीवले बरं वाटी."

"आबा, नको," नाना म्हणाले. आवाज इतका हळू निघाला की मशीनच्या गुरगुरीत मिसळून गेला.

आबांनी पट्टा ओढला. चर्रर आवाज करत तो सुटला. त्यांनी पारदर्शक पट्टीचा कोपरा नखानं उचलला आणि मशीननं अशी किंकाळी फोडली की मगन मागच्या बाईच्या पायावर चढला.

"काय व्हयनं?"

"हवा शिरली आत," आबा म्हणाले. "बोंबलू दे. कामिनीनं शिकवलंय त्याला." आणि त्यांनी कोपरा पुन्हा धरला. अक्कांनी कनवटीची डबी काढून झाकण उघडलं. हळदीचा वास खोलीभर झाला.

नानांना त्या वासाबरोबर मागचं सगळं आठवलं. काढलेली जाळी, तापानं तळमळणारे आबा, पुन्हा पुन्हा चिघळणारी ती जखम. हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं, फक्त ऐकलेलं होतं. पण ऐकलेलं आणि वाचलेलंच त्यांना जास्त खरं वाटत आलं होतं. अक्कांना थांबवणारं एक वाक्य त्यांनी मनात जुळवलं. ते लांब झालं. दुसरं जुळवलं, त्यात क्रियापद सापडेना.

मग नानांनी पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि सदऱ्याची बटणं काढली.

"अक्का," ते म्हणाले, "इकडे दख."

कोणी पाहिलं नाही. नानांनी बनियन गळ्यापर्यंत वर केला आणि जोरात खोकले. पुरवणी टुणकन बाहेर आली.

अक्का वळल्या. "ये बाप!"

मशीन किंचाळतच होतं, पण आता त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळी खोली नानांच्या पोटाकडे वळली. एवढ्या नजरा आपल्यावर एकाच वेळी नाना जन्मात पहिल्यांदा सोसत होते. कानांच्या पाळ्या पेटल्या. बनियनचा काठ त्यांनी दातांत धरला.

"कधीपासून शे?"

"दुखस का?"

"दाब बरं. आत जास का?" मगननं बोट लावलं. "गयं! गयं आत! दखा!"

"पुन्हा खोकल रे छगन."

नाना खोकले.

"उनं! पुन्हा उनं!"

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं, त्यावर नाणं ठेवून फडकं बांध. कोणी म्हणालं, साक्रीकडे एक माणूस मंत्र टाकतो, पण तो रविवारी जेवत नाही. अक्कांनी नानांना खिडकीच्या उजेडात ओढलं, नीट न्याहाळलं, आणि डबीतला लेप बोटभर घेऊन पुरवणीवर गोल फिरवत चोपडला. नानांना गुदगुल्या झाल्या. कैक वर्षांनी ते मोठ्यानं हसले. हसल्यानं पुरवणी आणखी फुगली, आणि माणसं आणखी जवळ सरकली.

पलंगावर आबा उघड्या पट्ट्यानिशी एकटे पडले होते. पट्टीचा कोपरा त्यांच्या बोटातून केव्हाच सुटला होता.

"अरे, आजारी मी शे!" ते ओरडले. "मन्हा ऑपरेशनमा हाऊ कोठून उना?"

मशीनचा आवाज ऐकून कामिनी धावत आली. हळदीनं पिवळा झालेला चुलतसासरा आणि त्याच्याभोवती जीपभर माणसं तिनं दारातूनच पाहिली. हात धुतले, पट्टीचा कोपरा तळहातानं दाबून धरला, वरून डॉक्टरांनी दिलेली चिकटपट्टी लावली. किंकाळी थांबली, गुरगुर सुरू झाली. पट्टा तिनं असा आवळला की आबा "हं" म्हणाले.

"योगेंद्र," ती न वळता म्हणाली, "सगळ्यांना बाहेर चहा दे. नानांनाही घेऊन जा. त्यांना पाहून झालं नसेल तर बाहेर उजेड जास्त आहे."

योगेंद्रनं या वेळी वाद घातला नाही. "चला, चला, नानांना घेऊन चला," म्हणत त्यानं माणसं हाकलली. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही बाजू एकाच वेळी खूश ठेवता आल्या होत्या.

नाना बाहेर पडताना आबांनी हाक मारली. कामिनीमार्फत नाही.

"छगन. कधीपासून?"

"तुझ्या पहिल्या ऑपरेशनच्या आधीपासून."

आबांनी मान त्यांच्याकडे वळवली. "म्हणून नाही आलास?"

"ते मी लिहितोय," नाना म्हणाले, आणि मगननं त्यांना खांद्याला धरून बाहेर नेलं.

*

पट्टी काढायच्या दिवसापर्यंत अक्का जळगावातच राहिल्या. रोज दाराबाहेर बसत, रोज नानांना खोकायला लावत. आबांना ते सहन होईना, पण त्यांच्या पट्टीचा कोपरा कोणी उचलला नाही.

दवाखान्यात डॉक्टर रिद्धीनं पट्टी काढली, जखम पाहिली आणि म्हणाली, "कोरडी आहे. पाणी साचलेलं नाही, लाली नाही." मग दाराशी घुटमळणाऱ्या अक्कांकडे पाहून तिनं एक मास्क पुढे केला. "या आजी. हात मागे बांधा आणि पाहा."

अक्का हात मागे बांधून वाकल्या. आबांच्या पोटावर एक सरळ, बारीक, कोरडी रेघ होती. मास्कच्या वर अक्कांचे डोळे भरून आले होते, पण तोंडातून दुसरंच आलं.

"एवढीशी? एवढ्यासाठी जीप केली?"

"अशीच हवी असते आजी. सांगण्यासारखं काही नाही, तीच चांगली जखम."

"मी सांगसू," अक्का म्हणाल्या. "बठ्ठासले सांगसू."

डॉक्टर हातमोजे काढत नानांकडे वळली. "आता तुमचं. शब्दकोशानं दाबून ठेवता म्हणे. तो उपाय नाही. अडकलं आत कधी तर पळापळ होईल. त्यापेक्षा सवडीनं करू. तंबाखू?"

"छे. कधीच नाही," नाना म्हणाले. मग खरं बोलावं असं वाटून म्हणाले, "वाचताना थोडी तपकीर."

"तपकीर कशाची करतात नाना?"

इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण हा प्रश्न नानांना पडला नव्हता.

आबा टेबलावर पडल्यापडल्या हसू लागले. कामिनीनं त्यांच्या पोटावर उशी दाबून धरली. "हसा, पण उशी धरून."

*

धुळ्याला परतल्यावर नानांनी तपकिरीची डबी शेजाऱ्याला दिली. पहिले काही दिवस त्यांना प्रत्येक लेखक मूर्ख वाटला. पुढे काही लेखकांविषयीचं मत तसंच राहिलं. डॉक्टर रिद्धीच्या दवाखान्यातून तारीख आली त्या सकाळी ते पोस्टात गेले, कार्ड घेतलं, आणि तिथल्याच दोरी बांधलेल्या पेनानं उभ्याउभ्या लिहिलं. मसुदा केला नाही.

"आबास सा. न. का आलो नाही ते तू लेखी विचारलं होतंस. भ्यालो. तुझी जखम ऐकून मला माझं पोट दिसलं. तुला तिथे एकटं वाटलं असेल असं मनात आलं नाही, कारण तुझ्याजवळ कायम माणसं असतात. माझी तारीख ठरली आहे, जळगावलाच. कामिनीला सांगितलं आहे, ती पाटी घेऊन येणार आहे. तू येऊ नकोस. अक्कालाही आणू नकोस. जखम भरली की मीच साक्रीला येईन, तेव्हा पाहा. छगन."

पेटीच्या तोंडाशी त्यांनी ते पुन्हा वाचलं. 'येऊ नकोस'च्या पुढे 'रागावू नकोस' असं घालावंसं वाटलं. कार्ड उलटसुलट करून पाहिलं. कुठेच जागा नव्हती. मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "आजोबा, टाका ना."

नानांनी कार्ड टाकलं.